गावात मशीन आणायच्या आधी तिथली ताई पक्की करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाटण तालुक्यात कोयनेच्या वरच्या अंगाला एक गाव, तीन वाड्या मिळून साडेचारशे माणसं, त्यातली निम्मी साठीच्या पुढची, पोरं सगळी मुंबईला कामाला. मुंबईच्या मंडळानं वर्गणी काढून चार लाख रुपये जमवलेत आणि एका कंपनीनं त्यांना टेलिमेडिसिनचं मशीन दाखवलंय, उभं कपाटासारखं, त्यात मोठा स्क्रीन, कॅमेरा, बीपी, ऑक्सिजन, शुगर सगळं एकातच, ग्रामपंचायतीत ठेवायचं आणि बटण दाबलं की समोर डॉक्टर. घ्यावं का, आणि नाही घ्यायचं तर त्या पैशाचं काय करावं?

मी कराडला फिजिशियन आहे, सव्वीस वर्षं झाली प्रॅक्टिसला, त्यातली शेवटची अकरा वर्षं आठवड्यातनं दोन दिवस सकाळी डोंगरातले पेशंट फोनवर बघतोय, आधी नुसता साधा फोन, मग व्हॉट्सअप, आता व्हिडिओ. त्यामुळं जरा सविस्तर लिहितो, तुमच्या वर्गणीचा एकेक रुपया कुठल्या तरी माथाडी कामगाराच्या घामाचा आहे हे मला माहितीय.

सरळ उत्तर आधी देतो, मशीन आत्ता घेऊ नका. स्क्रीनवर डॉक्टर आणणं ही यातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे, ते काम दहा हजारांचा मोबाईल पण करतो. अवघड काय असतं, तर डॉक्टर म्हणाला "जरा पोट दाबून बघा" तर दाबणार कोण, डॉक्टरनं गोळी लिहिली तर ती त्या वाडीत मिळणार कुठं, आणि डॉक्टर म्हणाला "आत्ताच्या आत्ता खाली आणा" तर गाडी कुणाची. ह्या तीन गोष्टी बांधल्या नसतील तर कितीही भारी मशीन असू दे, सहा महिन्यांत त्याच्यावर धूळ बसते, मी अशी दोन बघितलीत.

एक उदाहरण सांगतो म्हणजे पटेल. चार वर्षांपूर्वीची गोष्ट, अशाच एका वाडीतली सत्तरीची आजी, तक्रार काय तर "डोसकं गरगरतंय, उठलं की डोळ्यापुढं अंधारी येती". पहिल्या दिवशी नातवानं फोन धरला, मला निम्मा वेळ घराचे वासे दिसत होते आणि निम्मा वेळ आजींचा कान. बीपी त्यानंच मशीनवर घेतलं, नॉर्मल. मी चक्करेची गोळी सांगितली आणि फोन ठेवला. चार दिवसांनी तीच तक्रार, पण ह्या वेळी आमची ताई, म्हणजे वाडीतलीच आम्ही शिकवून तयार केलेली बाई, त्यांच्या घरी गेलेली. तिनं काय केलं, आजींची औषधाची पिशवी मागितली, पिठाच्या डब्यामागं अडकवलेली, ती वर्तमानपत्रावर पालथी केली आणि एकेक पट्टी मागच्या बाजूनं कॅमेऱ्यासमोर धरत गेली. एक बीपीची गोळी पाटणच्या डॉक्टरांची, एक मुंबईला लेकाकडं गेल्यावर तिथल्या डॉक्टरांनी दिलेली, नावं वेगळी, रंग वेगळा, कंपनी वेगळी, पण आत दोन्हीत अ‍ॅम्लोडिपिनच, आणि मुंबईच्या गोळीत त्याच्या जोडीला आणखी एक बीपीचंच औषध. आजी दोन्ही मनापासून घेत होत्या. मग मी ताईला म्हटलं आजींना पाच मिनिटं आडवं झोपव आणि बीपी घे, मग उभं करून दोन-तीन मिनिटांनी परत घे. झोपून १३२, उभ्यानं ९६. निदान झालं. एक पट्टी बंद केली, आठवड्यात आजी परत शेरडं घेऊन रानात. ह्यात कॅमेऱ्याचं काम एवढंच की मला पट्टीमागची अक्षरं वाचता आली, बाकी सगळं ताईच्या हातांनी केलं. तिला पिशवी मागायचं सुचलं हे तिचं ट्रेनिंग, आणि आजींनी ती पिशवी तिच्या हातात दिली हा तिच्यावरचा विश्वास, मशीनबरोबर ह्यातलं काहीच येत नाही.

माझी स्वतःची चूक पण सांगतो, लपवून काही उपयोग नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका पन्नाशीच्या माणसाचा फोन आला, छातीच्या खाली जळजळतंय, रात्री जत्रेतलं मटण खाल्लेलं, घाम आलाय म्हणाला पण मे महिना होता. मी अ‍ॅसिडिटीची गोळी सांगितली आणि सकाळी कळवा म्हटलं. सकाळी तो गाडीतनंच आला, हार्ट अटॅक होऊन दहा तास झालेले. वाचला, पण हृदयाचं पंपिंग निम्म्यावर आलं, नंतर शेतात काम असं त्याला कधी झालं नाही. तो दवाखान्यात माझ्यासमोर बसलेला असता तर मी ईसीजी काढल्याशिवाय सोडलाच नसता, फोनवर होता म्हणून मी ऐकलेल्या गोष्टीवर भरवसा ठेवला. त्या दिवसापासून नियम केलाय, चाळिशीच्या पुढचा माणूस, आणि जबड्यापासून बेंबीपर्यंत कुठंही नवीन दुखतंय, जळजळतंय, दडपतंय, की आधी ईसीजी, मग बाकीचं बोलणं. आणि ईसीजी काढायची सोय नसेल तर गाडी.

म्हणून तुमच्या पैशातली पहिली खरेदी बारा लीडचं छोटं ईसीजी मशीन, साधारण तीस-चाळीस हजारात येतं, आणि ते काढायला शिकवलेली बाई. बाई मुद्दाम म्हणतोय, छातीला लीड लावायचे म्हणजे पोलका काढावा लागतो, आणि गावातली कुठलीही बाई सरपंचाच्या पोरासमोर ते करणार नाही, ती दुखणं अंगावर काढेल. तारांचे रंग आम्ही ताईंना घोकून घेतो, लाल उजवा हात, पिवळी डावा हात, हिरवी डावा पाय, काळी उजवा पाय. हातांच्या तारा उलट लागल्या की कागदावर भलतंच काहीतरी दिसतं आणि इकडं बसलेला डॉक्टर घाबरतो. जेली संपली तर मिठाच्या पाण्यात भिजवलेला कापूस चालतो. कागदाचा फोटो काढताना कागद सपाट, दारातल्या उजेडात, फ्लॅश बंद, अंगठ्याची सावली पडता कामा नये. अटॅकच दिसला आणि अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्राव असलं काही नसेल तर अ‍ॅस्पिरिनची गोळी चावून खायला सांगून माणूस रस्त्याला लावायचा. हृदयाच्या नळीतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण बारा तासांच्या आतच चालतं आणि पहिल्या दोन-तीन तासांत सगळ्यात चांगलं लागू पडतं, तुमच्या गावापासून कराडला यायला लागणारा वेळ त्याच हिशोबातनं वजा होतो.

आता ताई कोण, हा खरा प्रश्न. आधी सरकारचं काय आहे ते बघा, कारण लोक हे विसरतात. डोंगरी भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र हा नियम आहे, सपाटीला ५,००० ला. तुमच्या गावाला लागू असलेल्या उपकेंद्रात आता बहुतेक समुदाय आरोग्य अधिकारी असतील, सीएचओ म्हणतात, आणि त्यांच्याकडं ई-संजीवनी आहे, म्हणजे उपकेंद्रात पेशंट बसलेला आणि तिकडं हबवर, म्हणजे मध्यवर्ती केंद्रात, डॉक्टर, फुकट. ही सेवा नोव्हेंबर २०१९ ला सुरू झाली, घरनं मोबाईलवर वापरायची ओपीडी एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनच्या काळात आली, आणि २०२३ च्या सुरुवातीला देशभरात १० कोटी कन्सल्टेशन पार झाली. म्हणजे तुम्ही जे चार लाखांत विकत घेणार त्यातलं बरंचसं तुमच्या हक्काचं आधीच आहे. मंडळातल्या दोघांनी येत्या सुट्टीत गावी गेल्यावर आधी त्या सीएचओंना आणि आशाताईंना भेटा, त्यांच्या डोक्यावरनं काही आणू नका, त्यांना विचारा तुम्हाला काय कमी पडतंय. दहातनं नऊदा तरी उत्तर येतं की लाईट नाही, नेट नाही, बीपीच्या मशीनचे सेल नाहीत, शुगरच्या पट्ट्या संपल्यात. इन्व्हर्टर किंवा छोटं सोलर, रेंजसाठी चांगल्या जागी नेटची सोय, दोन बीपी मशीन आणि त्यातल्या एकाला मोठा पट्टा, कारण जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी खोटंच जास्त येतं, ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर आणि त्याच्या पट्ट्यांचा वर्षाचा साठा. ही यादी दिसायला किरकोळ आहे पण अर्धी लढाई हीच आहे.

सीएचओ किंवा सिस्टर प्रत्येक वाडीत रोज पोचू शकत नाहीत, म्हणून वाडीतलीच एक बाई मंडळानं मानधनावर धरा. दहावी-बारावी झालेली, लग्न होऊन तिथंच नांदणारी, जिच्याशी तिन्ही वाड्या बोलतात अशी. आशाताईच तयार असतील तर उत्तम, पण त्यांच्यावर आधीच कामाचा डोंगर आहे, फुकट राबवू नका. मानधन महिन्याला वेळेवर, गणपतीला एकदम देतो असं नको. बसायची जागा ग्रामपंचायत नको आणि देऊळ तर नकोच, उपकेंद्र नाहीतर तिचं स्वतःचं घर, आणि फोन चालू असताना सासूबाईंना बाहेर बसवायची तिला मुभा पाहिजे. अंगावरनं पांढरं जातंय, लघवी निसटते, नवरा मारतोय, मन लागत नाही, ह्या गोष्टी बायका पाचव्या-सहाव्या भेटीत बोलतात आणि त्याही ताई एकटी असली तरच. म्हाताऱ्या एकट्या राहणाऱ्या माणसांच्या मनाचं तर फार मोठं दुखणं आहे, त्यासाठी १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालाय, मराठीत बोलतात, तो ताईच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

माझे एक मित्र मिरजेला असतात, ते जत तालुक्यातल्या गावांचं असंच काम बघतात. तिकडं रस्ता सपाट, रेंज बरी, पण सीमेकडच्या गावात म्हातारी माणसं कन्नडच बोलतात, तिथं ताई नसेल तर डॉक्टरला पोटदुखी कुठं आहे एवढं पण कळत नाही. म्हणजे अडचण बदलते, उपाय तोच.

औषधांबद्दल थोडं जास्त लिहितो, सगळ्या योजना इथंच मोडतात. ऑस्ट्रेलियात फ्लाइंग डॉक्टर म्हणून सेवा आहे, १९२८ पासूनची, जॉन फ्लिन नावाच्या पाद्रीनं सुरू केली, शेकडो मैलांवर एकेक घर आणि डॉक्टर रेडिओवर. रेडिओ पायानं पेडल मारून चालवायचा. त्यांनी पुढं १९४२ पासून दूरच्या घरांना औषधांची पेटी द्यायला सुरुवात केली, त्यात प्रत्येक औषधाला नंबर, डॉक्टर रेडिओवर नाव घ्यायचेच नाहीत, "नऊ नंबरची एक गोळी द्या" म्हणायचे. मी हे वाचलं तेव्हा मला एकदम पटलं, कारण आमच्याकडं खरखरणाऱ्या फोनवर मेटफॉर्मिन आणि मेटोप्रोलॉल दोन्ही नुसतं "मेट" ऐकू येतं, एक शुगरची आणि एक हृदयाची गती कमी करणारी. तर आम्ही काय करतो, प्रत्येक पेशंटच्या नावाची कापडी पिशवी, त्याच्याच चिठ्ठीवर घेतलेली महिन्याची औषधं, प्रत्येक पट्टीवर मोठा नंबर चिकटवलेला, तोच नंबर माझ्या वहीत. "शांताआजींची दोन नंबर बंद, तीन नंबर रात्री अर्धी." ताई तेच वाक्य परत म्हणून दाखवते आणि मगच फोन बंद. चिठ्ठीशिवाय कुणाला गोळी द्यायची नाही, शेजारच्या पिशवीतली उसनी तर कधीच नाही, ताईच्या घराचं मेडिकल दुकान होता कामा नये, ते कायद्यात बसत नाही आणि धोक्याचं पण आहे. जनऔषधीत अ‍ॅम्लोडिपिन, मेटफॉर्मिन असल्या गोळ्या खूप स्वस्त पडतात, एका माणसाचा महिन्याचा बीपी-शुगरचा खर्च बहुतेक वेळा दोनशे रुपयांच्या आत बसतो.

आणि साठा मे महिन्याच्या शेवटाला भरायचा, तीन महिन्यांचा. तुम्हाला सांगायला नको, कोयनेचा पाऊस काय असतो. जुलै २०२१ ला आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळून माणसं गेली, रस्ते तुटले, टॉवर बंद. अशा वेळी व्हिडिओ वगैरे काही नसतं, एखादा एसएमएस गेला तर गेला. ज्या वाडीत पिशव्या भरलेल्या होत्या तिथं निदान बीपीच्या गोळ्या तुटल्या नाहीत. रेंज नसेल तर ताईनं टेकडीवर जाऊन काय सांगायचं ह्याचा पण आमचा क्रम ठरलेला आहे, नाव, वय, त्रास कधीपासून, बीपी, नाडी, ऑक्सिजन, श्वास, शुद्ध. एका मिनिटात होतं, आणि फोन कट झाला तरी महत्त्वाचं आधी पोचलेलं असतं.

लहान मुलांचा श्वास ताईनंच मोजायचा, व्हिडिओवर भरवसा नको, नेट अडकलं की चित्र थांबतं आणि मूल शांत झोपलंय असं वाटतं. अंगातलं झबलं वर करून, पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून. दोन महिन्यांच्या आतलं बाळ ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतलं ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त, म्हणजे न्यूमोनिया धरायचा, आणि बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर माझ्या फोनची वाट न बघता निघायचं.

निघायचं म्हणजे निघायचं, हे पण लिहून चिकटवा, कारण फोन आहे म्हटलं की लोक फोनवरच वेळ घालवतात. साप चावला की फोन नंतर, गाडी आधी. आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, हातपाय हलवू न देता झोपवून न्यायचं. आणि एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत पाहिजे, मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, बऱ्याचदा खूण दिसत नाही, दुखत पण नाही. पहाटे माणूस उठतो ते पोटात दुखतंय म्हणून, मग घास गिळता येत नाही, पापण्या जड होऊन मिटायला लागतात. असं काही दिसलं की पित्त म्हणायचं नाही, लस असलेल्या दवाखान्यात पोचवायचं. आपली लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं चौघांवर एकच आहे, साप ओळखत बसायची किंवा मारून आणायची गरज नाही. विंचवाचं पण तसंच, लाल विंचू चावून घाम सुटला, हातपाय गार पडले की गाडी. इथं मात्र फोनचा उपयोग होतो, खाली वाटेतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आधी कळवून ठेवायचं म्हणजे प्राझोसिन तयार राहतं. हे औषध विंचवावर चालतं हे घाटाखाली महाडला बसून डॉ. हिंमतराव बावस्करांनी जगाला दाखवलं, आपल्या शेजारचंच गाव. गरोदर बाईला बीपी १६०/११० च्या वर, डोकं दुखतंय, डोळ्यापुढं काजवे, अंगावरनं रक्त, हे पण गाडीचं काम.

१०८ ला फोन करायचाच, पण ती गाडी डोंगर चढून येईपर्यंत गावातली जीप निम्म्या वाटेत भेटू शकते. म्हणून गावातल्या तीन गाडीवाल्यांशी आजच ठरवा, रात्री-अपरात्री, डिझेलचे पैसे मंडळाच्या खात्यातनं दुसऱ्या दिवशी मिळणार, पेशंटकडं मागायचे नाहीत. त्यासाठी पन्नास हजार वेगळे बाजूला काढून ठेवा आणि त्याला दुसऱ्या कशासाठी हात लावू नका. आपल्या भागात "आता मिरजेला न्या" हे वाक्य पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, डॉ. वान्लेस यांनी १८९४ ला तिथं हॉस्पिटल काढलं तेव्हापासून, पण ते वाक्य म्हणेपर्यंत बहुतेक वेळा दोन दिवस गेलेले असतात, ते दोन दिवस वाचवायचेत.

डॉक्टर कोण धरायचा, तर लांबचा मोठा नको, कराड-पाटण-साताऱ्यातला धरा, ज्याच्याकडं पेशंट शेवटी खरंच जाऊ शकतो. २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनचे नियम आलेत, त्याप्रमाणं नोंदणी असलेलाच डॉक्टर पाहिजे, चिठ्ठीवर त्याचा रजिस्ट्रेशन नंबर पाहिजे, नशेच्या वर्गातली औषधं फोनवर लिहिता येत नाहीत, काही औषधं पहिल्यांदा लिहायची तर व्हिडिओवर पेशंट बघावाच लागतो. कॉम्प्युटरनं आपलं आपण निदान करून औषध द्यायचं, हे त्या नियमात बसत नाही, तो डॉक्टरला मदत करू शकतो एवढंच. तुमच्या कंपनीचा माणूस "आमचं मशीन स्वतःच सांगतं" म्हणाला असेल तर तिथंच थांबा. डॉक्टरशी दिवस आणि वेळ ठरवा, बाजाराचा दिवस सोडून, सकाळी साडेआठच्या आत, नंतर माणसं रानात जातात. दुसऱ्या आठवड्यात ताईनं जुन्या पेशंटला स्वतः जाऊन विचारायचं, बरं वाटलं का, आणि ते वहीत लिहायचं. हा परतीचा फोन झाला नाही तर मला कधी कळतच नाही की माझी गोळी लागू पडली का नाही.

पहिल्या महिन्यात काहीच विकत घेऊ नका. एक दोनशे पानी वही घ्या, ताईला घेऊन तिन्ही वाड्यांतली तिशीच्या पुढची सगळी माणसं मोजा, प्रत्येकाचं बीपी पाच मिनिटं बसवून, पाठ टेकवून, दंडावरची बाही वर करून दोनदा घ्या, औषधाची पिशवी पालथी करा आणि काय सापडतंय ते लिहा. गरोदर किती, शेवटचा महिना कुणाचा, एकटं कोण राहतं, कुणाच्या घरातनं रेंज येते, जीप कुणाकडं आहे. वही भरली की मला दाखवा, मग चार लाखांचा हिशोब आपण मिळून बसून करू.